आईला बॉल दिसेना

१४ जुलै २०२५, सोमवार, लॉर्ड्स टेस्टचा पाचवा दिवस. आमच्याकडे ओहायोत दुपारचे बारा वाजायला आले होते. मी घरून काम करत होते, म्हणजे लॅपटॉप उघडा ठेवून मॅच बघत होते, आणि आई सोफ्याच्या पार टोकाला येऊन बसलेली, कारण १९३ करायचे होते, जडेजा एकटा खिंड लढवत होता आणि शेवटचा गडी म्हणून समोर सिराज. बशीरनं बॉल टाकला, सिराजनं मागं जाऊन चांगली बॅट लावली, आम्ही श्वास सोडला आणि एकदम सगळे इंग्लिश खेळाडू पळायलाच लागले. सिराज खाली बसला.

"काय झालं? आउट? अगं कसा आउट? बॉल कुठाय?"

मला तरी कुठं दिसला होता. रिप्ले आला, दुसऱ्या अँगलनं आला, स्लो मोशनमध्ये आला, पण ५५ इंची टीव्हीवर सगळं वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं. हिरवं फडकं, त्यावर पांढरे ठिपके, त्यातला एक ठिपका सिराज. १७० ला ऑल आउट, २२ रननं हरलो. पण खरं वाईट वाटलं ते पुढं. आई थोडा वेळ गप्प बसली, चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाली, "माझं ऑपरेशन बिघडलं वाटतं गं." जानेवारीत मिरजेला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. म्हणजे गेले पंधरा दिवस बाई मनातल्या मनात डोळ्याला दोष देत बसली होती आणि मला टेन्शन नको म्हणून बोलली नव्हती.

आता थोडं मागचं सांगते. आम्ही जुलैच्या सुरुवातीला मेसनमध्ये, म्हणजे सिनसिनाटीच्या वरच्या अंगाला, नव्या घरात आलो. फायबरवाल्यानं आधी ३ जुलै सांगितलं, मग १८, मग "ऑगस्टचा पहिला आठवडा, मॅम". तोपर्यंत घरात नेट नाही. पण आमचा मोबाईल प्लॅन अनलिमिटेड, प्लॅनच्या नावातच अनलिमिटेड, तीन लाइन, म्हटलं चालवू महिनाभर. हॉटस्पॉटला वेगळा कोटा असतो म्हणून नवऱ्यानं शक्कल काढली, फोनला केबल लावून सरळ टीव्हीला जोडला. फोनच्या टीचभर स्क्रीनवर सगळं छान दिसायचं हो. टीव्हीवर टाकलं की गढूळ.

पहिला संशय केबलवर. १४ डॉलरची नवी केबल मागवली, तेच. मग टीव्हीची सेटिंग, मग क्रिकेटचं अ‍ॅप काढून परत टाकलं, तेच. मग स्पीड टेस्ट केली तर आकडा आला १९०. एकशे नव्वद एमबीपीएस! एवढ्यात तर आख्ख्या गल्लीनं एचडी बघावं. म्हणजे नेटवर्क झकास, मग दोष अ‍ॅपचाच असणार म्हणून मी त्या अ‍ॅपवाल्यांना एक सणसणीत मेलसुद्धा लिहिला, त्यांची आता मनातल्या मनात माफी मागते.

लॉर्ड्सच्या त्या संध्याकाळी मात्र मी इरेला पेटले. ऑफिसातला एक मित्र नेटवर्कमधला आहे, त्याला विचारलं, तो म्हणाला साधी स्पीड टेस्ट नको करूस, फास्ट डॉट कॉमवर कर. ही साईट नेटफ्लिक्सची आहे आणि ती जो डेटा खेचते तो नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून येतो, त्यामुळे मोबाईल कंपनीला वाटतं ही बाई पिक्चर बघतेय. केली. आकडा १.५. परत केली. १.६. लगेच साधी स्पीड टेस्ट, १८४. तोच फोन, तीच खुर्ची, त्याच मिनिटाला.

रात्री तीनला पाणी प्यायला उठले तेव्हा परत केली. म्हटलं दिवसा टॉवरवर गर्दी असेल, सगळे बघत असतील, गर्दीत थोडं कमी मिळणारच, ते मला मान्य आहे. मेसन गावात रात्री तीनला कुत्रं जागं नसतं. १.५.

म्हणजे ही गर्दी नव्हती. गावाकडं पाणी सोडणारा माणूस एखाद्या गल्लीचा कॉक अर्धाच फिरवून ठेवतो आणि तक्रार केली की म्हणतो तुमच्याच नळात कचरा असेल बघा, तशातली गत. ह्याला थ्रॉटलिंग म्हणतात. आणि ह्यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट अशी की तुम्हाला ते कळतच नाही, कारण व्हिडिओ अडकत नाही. हल्लीची सगळी अ‍ॅप्स नेटचा अंदाज घेऊन क्वालिटी खालीवर करतात, त्यांना दीड एमबीपीएस मिळालं की ती बिचारी समजतात नेट स्लो आहे आणि गुपचूप ४८० पी वर, म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्रावर उतरतात. व्हिडिओ अडकल्यावरचं ते चक्र गोल गोल फिरलं असतं तर मी पहिल्याच दिवशी फोन करून भांडले असते. फुल एचडीच्या एका चित्रात २० लाखाच्या वर ठिपके असतात, ४८० पी मध्ये जेमतेम ४ लाख, म्हणजे पाचातला एक ठिकाणावर आणि चार गायब. फोनवर ते खपून जातं. ५५ इंचावर त्या चार गायब ठिपक्यांतच नेमका क्रिकेटचा बॉल असतो.

मग कस्टमर केअर. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, एक तर भांडण आता संपलंय आणि दुसरं म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी. पहिल्यांदा चॅटवर बॉट, त्यानं मला सहा वेळा विचारलं की मला बिल भरायचंय का. मग माणूस आला, तो म्हणाला फोन रीस्टार्ट करा. केला. कॅश क्लिअर करा. केली. नेटवर्क सेटिंग रीसेट करा. तेही केलं, आणि ऑफिसच्या वायफायपासून जिमच्या वायफायपर्यंत सगळे पासवर्ड धुऊन निघाले. त्यावर तो म्हणतो, आता कसं वाटतंय?

दुसऱ्या दिवशी फोन केला, ५० मिनिटं होल्डवर, ती होल्डची धून आता माझा मुलगा अंघोळ करताना गुणगुणतो. ह्या वेळी बाई होत्या, फार गोड बोलल्या, पण निदान केलं की माझा फोन दोन वर्षं जुना आहे म्हणून असं होत असेल आणि सध्या अपग्रेडवर चांगली ऑफर चालू आहे. मी म्हटलं, बाई, माझ्याकडे दोन आकडे आहेत, १८४ आणि १.५, एकाच फोनवरचे, फोन जुना असता तर दोन्ही पडले असते ना. त्या म्हणाल्या त्यांच्या स्क्रीनवर माझ्या एरियात एक्सलंट कव्हरेज दिसतंय. मी थ्रॉटल हा शब्द उच्चारला की त्या "मॅम, वी डोन्ट यूज दॅट वर्ड" म्हणायच्या. आई शेजारी बसून ऐकत होती, इंग्रजी सगळं कळत नाही पण सूर कळतो, म्हणाली, "काय म्हणतीय? डोळ्यानंतर आता फोन म्हातारा का?"

पुढं आणखी दोन कॉल झाले, त्यातल्या शेवटच्यात मला कंपनीकडचा शब्द कळला. ऑप्टिमायझेशन. "मॅम, युवर व्हिडिओ इज ऑप्टिमाइज्ड फॉर मोबाईल." म्हणजे माझ्या भल्यासाठी. आणि दर लाइनला महिना १० डॉलर जास्त दिले तर हे भलं करणं ते थांबवतील.

त्यांनीच मला प्लॅनची माहिती बघायला सांगितली म्हणून मी ती पहिल्यांदा पूर्ण वाचली. इथं २०२४ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसाठी एक लेबल द्यावं लागतं, बिस्किटाच्या पुड्यामागं कॅलरीचा तक्ता असतो अगदी तसंच दिसतं, त्यात किंमत, स्पीड, डेटा सगळं. आमच्या लेबलवर स्पीड भरपूर लिहिलेला होता. तळाशी नेटवर्क मॅनेजमेंटची लिंक, ती दाबली की लांबलचक पान, त्यात खाली कुठंतरी एक वाक्य, व्हिडिओ साधारण ४८० पी मध्ये दिसेल. झालं. एक वाक्य. आणि त्याखाली मी तीन वर्षांपूर्वी सही ठोकलेली. सही माझीच आहे त्यामुळे फसवलं असं कोर्टात म्हणता येणार नाही, पण मग तीन-तीन वेळा फोन करून हे एक वाक्य मला कुणी का नाही वाचून दाखवलं? माझा खरा राग ४८० पी वर नाहीये. सरळ सांगितलं असतं की बाई, तू स्वस्तातला प्लॅन घेतलायस, यात एचडी नाही, तर मी एक तर १० डॉलर दिले असते नाहीतर गप्प बसले असते. केबल घेतली, पासवर्ड घालवले, फोन बदलायला निघाले, आईनं डोळ्यावर घेतलं, ते सगळं त्या एका वाक्यापायी.

मग मी ह्यात वाचत गेले, नको इतकं वाचलं. हे प्रकरण काही आजचं नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात टी-मोबाईल ह्या इथल्या मोबाईल कंपनीनं बिंज ऑन काढलं होतं, ठरावीक अ‍ॅप्सचा व्हिडिओ डेटात मोजायचा नाही पण दिसणार ४८० पी मध्ये, आणि ते सगळ्यांना आपोआप चालू. पुढच्या जानेवारीत ईएफएफ ह्या नेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनं टेस्ट केली तर जे व्हिडिओ त्या फुकटच्या यादीत नाहीत तेसुद्धा दीड एमबीपीएसवर आणलेले सापडले, आणि त्यावर टी-मोबाईलचे तेव्हाचे सीईओ जॉन लेजर यांनी जाहीर व्हिडिओत "तुम्ही कोण हो" असं शिवीसकट विचारलं. २०१७ च्या जुलैत व्हेरायझन ह्या दुसऱ्या मोबाईल कंपनीच्या ग्राहकांना फास्ट डॉट कॉमवरच कळलं की नेटफ्लिक्स १० एमबीपीएसच्या वर जात नाहीये, कंपनी म्हणाली आम्ही व्हिडिओ ऑप्टिमायझेशनची टेस्ट करत होतो. बघा, तोच शब्द. पुढच्याच महिन्यात त्यांचे अनलिमिटेडचे दोन प्रकार आले, स्वस्तात ४८० पी, महागात ७२० पी. आणि नेटफ्लिक्सही काही धुतल्या तांदळाचं नाही, २०१६ मध्ये त्यांनीच कबूल केलं की एटीअँडटी आणि व्हेरायझनवर ते स्वतःच व्हिडिओ ६०० केबीपीएसवर, म्हणजे ०.६ एमबीपीएसवर ठेवत होते, लोकांचा डेटा लवकर संपू नये म्हणून म्हणे. इथं सगळ्यांनाच आपली भारी काळजी.

ह्याच वाचनात वीही नावाचं अ‍ॅप सापडलं. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीतले डेव्हिड चॉफ्नेस आणि त्यांच्या टीमनं बनवलंय, फुकट आहे, अ‍ॅपलनं २०१८ मध्ये आधी ते घ्यायलाच नकार दिला होता आणि पेपरात बोंब झाल्यावर घेतलं. त्याची युक्ती मला फार आवडली. एकच डेटा दोनदा पाठवायचा, एकदा खऱ्या यूट्यूबसारखा आणि एकदा आतलं सगळं उलटंपालटं करून, म्हणजे कंपनीला ओळखू येऊ नये. समजा एकच ट्रक नाक्यावरून दोनदा गेला, एकदा मागं नाव रंगवलेलं आणि एकदा नाव पुसून, आणि नाववालाच दर वेळी अडवला, तर दोष ट्रकचा की नाक्याचा? मी यूट्यूब आणि नेटफ्लिक्स दोन्ही चालवलं, तीन दिवस, सकाळ दुपार रात्र. ओळख ठेवून १.५ च्या आसपास, ओळख पुसली की शंभराच्या वर. सगळ्यांचे स्क्रीनशॉट घेतले. क्रिकेटचं अ‍ॅप काही त्यांच्या यादीत नाही, बोस्टनकरांना क्रिकेटशी काय घेणं.

व्हीपीएनही लावून बघितला, म्हणजे आपला डेटा बोगद्यातून जातो आणि आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही. यूट्यूब लगेच स्वच्छ! मी ओरडलेच. पण क्रिकेटच्या अ‍ॅपनं व्हीपीएन बघितला आणि सरळ दार लावून घेतलं, तुम्ही कुठल्या देशात आहात ते कळत नाही म्हणे. एकाला काय बघतेय ते कळू नये म्हणून लपावं तर दुसऱ्याला कुठून बघतेय ते कळायला हवं.

शेवटी २० जुलैच्या रविवारी एफसीसीकडं, म्हणजे इथल्या फोन-नेट कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडं, तक्रार टाकली. मला वाटलं होतं वकील लागेल, फी लागेल. काही नाही. साधी तक्रार फुकट असते, ऑनलाइन फॉर्म, वीस मिनिटं. मी शिवी एकही घातली नाही (नवऱ्यानं वाचून दोन विशेषणं काढली), फक्त तारखा, वेळा, आकडे, तिन्ही कॉलमध्ये कोण काय म्हणालं ते, आणि स्क्रीनशॉट. शेवटी मागणी एकच, तुमच्या माणसांनी मला हे आधी का सांगितलं नाही ते लिहून द्या. ईमेलवर तिकीट नंबर येतो, एफसीसी ती तक्रार कंपनीला पाठवतं आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एफसीसी स्वतः निवाडा करत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

आणि कायद्याच्या जोरावर मी भांडत होते असंही नाही. नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे कंपनीनं सगळ्या डेटाला सारखंच वागवायचं असा नियम इथं २०१५ ला आला, २०१७ च्या डिसेंबरात काढला, २०२४ ला परत आणला आणि २ जानेवारी २०२५ ला सहाव्या सर्किट कोर्टानं, म्हणजे इथल्या केंद्राच्या एका अपील कोर्टानं, उडवला. ते कोर्ट बसतं सिनसिनाटीत, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, येता-जाता ती बिल्डिंग दिसली की आता पोटात ढवळतं. कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतःचा कायदा आहे, ओहायोत नाही. भावाला मिरजेला हे सगळं सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणाला आपल्याकडं २०१६ ला ट्राय ह्या टेलिकॉम नियामकानं आणि २०१८ ला सरकारनं नेट न्यूट्रॅलिटी मान्य केली, तुम्ही अमेरिकेत राहून काय करताय? मी म्हटलं तुझा दिवसाचा २ जीबी संध्याकाळी संपला की ६४ केबीपीएसवर काय बघतोस? म्हणाला, "ते आहे. पण ते सगळ्यालाच स्लो होतं, एकट्या क्रिकेटला नाही." गप्प बसले.

आठव्या दिवशी, २८ ला, फोन वाजला. कंपनीच्या कुठल्याशा वरच्या ऑफिसातून, होल्ड नाही, धून नाही, नावानं हाक, आणि त्या माणसानं पहिल्या मिनिटात सांगितलं की हो मॅम, तुमच्या प्लॅनमध्ये व्हिडिओचा स्पीड मर्यादित आहे. एवढंच! जे मला तीन कॉल, एक केबल आणि सगळ्या पासवर्डच्या बदल्यात मिळालं नव्हतं ते ह्यानं चहा पिता पिता सांगितलं. मी विचारलं, मग कस्टमर केअरच्या माणसांना हे माहीत नसतं का? तो थोडा थांबला आणि म्हणाला, त्यांच्यासमोर ज्या स्टेप्स येतात त्याच ते वाचतात. मला पटलं, आणि त्या गोड बोलणाऱ्या बाईंवरचा राग जरा उतरला, तिच्या स्क्रीनवर "रीस्टार्ट" लिहिलं असेल तर ती तरी काय करणार. दोन दिवसांनी पत्रही आलं, प्लॅन अटींप्रमाणेच चालू आहे, आमची चूक नाही, तरी सद्भावना म्हणून तीन महिने तिन्ही लाइनवर एचडी फुकट. चूक नाही आणि भरपाई आहे, असं लिहायला वेगळं डोकं लागतं.

४ ऑगस्ट, परत सोमवार, ओव्हल. इथं पहाटेचे सहा. इंग्लंडला ३५ हवे, आपल्याला ४ विकेट. आई अंघोळ करून, देवाला दिवा लावून हजर. आणि टीव्हीवर गवताचे पट्टे दिसत होते हो, बॉलची शिवण दिसत होती, वोक्स एक हात स्वेटरमध्ये घालून आला तर ती रिकामी बाही लोंबत होती तीही दिसली. आई दर बॉलला कॉमेंट्री करत होती, इनस्विंग, आउटस्विंग, मला नाही कळत तेवढं. तासाभरात सिराजनं यॉर्कर टाकला, अ‍ॅटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला, ६ रननं जिंकलो, मालिका २-२, नवरा आणि मुलगा आरडाओरड ऐकून जिन्यातून धावत खाली आले.

चहा झाल्यावर आई म्हणाली, "तो मागचा लाव गं. सिराज आउट झालेला." मी यूट्यूबवर लॉर्ड्सचे हायलाइट लावले, १०८० पी. बशीरनं टाकला, सिराजनं बॅट लावली, बॉल खाली पडला, मागं फिरला, हळू हळू घरंगळत स्टंपकडं गेला आणि एक बेल पडली. आईनं परत लावायला सांगितलं. मग परत.

"एवढ्या सावकाश गेला?" ती म्हणाली. "अगं पायानं नुसता ढकलायचा होता की."